ठेका आणि शिक्का

इतिहास म्हटला की आपल्याकडे तलवारी, तहनामे आणि मोडी कागदांची बासने डोळ्यांपुढे येतात. मी पुढे जो इतिहास सांगणार आहे त्यात तलवार नाही. त्यात शिसपेन्सिल आहे, बायका नखांना लावतात ते रोगण आहे, चिकटपट्टीचा एक तुकडा आहे आणि ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर भिरभिरणारा एक पंखा आहे. एवढ्या आयुधांनिशी जगभरच्या पोरासोरांनी बलाढ्य कारखानदारांशी पंचवीस-तीस वर्षे झुंज दिली. झुंज कशासाठी? तर पदरचे पैसे मोजून घेतलेल्या प्रोसेसरवर कारखान्याने वेगाचा जो आकडा छापला आहे, त्याहून अधिक वेगाने तो पळवण्यासाठी. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तो बहुतांशी संगणकावरच्या खेळांच्या नादाने चाले, म्हणून थोरामोठ्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. मला मात्र तो इतिहासाच्या योग्यतेचा वाटतो. कारण त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. वस्तूवर मारलेला शिक्का आणि वस्तूची खरी ताकद यांच्यात जे अंतर असते, ते कोणाच्या मालकीचे?

प्रोसेसर कसा चालतो, असे मुलांनी विचारले तर मी त्यांना शाळेच्या मैदानाकडे बोट दाखवतो. मैदानावर पन्नास पोरे लेझीम घेऊन उभी आहेत आणि कडेला हलगीवाला आहे. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला प्रत्येकाने आपला एक हात पुरा करायचा आणि पुढच्या ठोक्याला तयार राहायचे. प्रोसेसरच्या पोटात पोरांच्या जागी ट्रान्झिस्टर असतात आणि हलगीच्या जागी एका स्फटिकाची स्पंदने. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. ठेका वाढवला की त्याच पोरांकडून तेवढ्याच वेळात अधिक काम होते. पण ठेका वाढवता वाढवता एक क्षण असा येतो की सगळ्यांत मंद पोराचा हात अजून अर्ध्यावर असतानाच पुढचा ठोका पडतो. तिथे खेळ विसकटतो. संगणकाच्या बाबतीत यालाच यंत्र 'अडकले' असे म्हणतात. थोडक्यात, साऱ्या रांगेचा वेग तिच्यातला सर्वांत मंद गडी ठरवतो.

यावर उपाय एकच. पोरांना गूळ-शेंगदाणे चारायचे, म्हणजे विजेचा दाब थोडा वाढवायचा. दाब वाढला की ट्रान्झिस्टर चपळ होतात. पण तापतातही, आणि हे तापणे सरळ हिशेबाने वाढत नाही. उष्णता ठेक्याच्या प्रमाणात वाढते आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठेका दीडपट केला आणि दाब एकदशांशाने चढवला, तर उष्णता जवळजवळ १.८ पट होते. पुढचा सगळा इतिहास या एका गुणाकारात सामावलेला आहे.

* * *

पहिला मायक्रोप्रोसेसर इंटेलचा ४००४. तो १९७१ सालचा. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याचा ठेका सेकंदाला साडेसात लाखांच्याही आत होता. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, आयबीएमने आपला घरगुती संगणक काढला. त्यातल्या ८०८८ या प्रोसेसरवर ५ मेगाहर्ट्झचा शिक्का होता, पण तो चालवला गेला ४.७७ वर. हा चमत्कारिक आकडा आला कोठून? तर दूरदर्शन संचातून. अमेरिकेतल्या रंगीत दूरदर्शनच्या संकेताला ३.५८ मेगाहर्ट्झची स्पंदने लागत. आयबीएमने त्याच्या चौपट, म्हणजे १४.३१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक बसवला. त्याला चाराने भागले की पडद्याची सोय झाली, तिनाने भागले की प्रोसेसरची. एका स्फटिकावर दोन कामे भागली. त्या यंत्राचा वेग प्रोसेसरच्या गुणावगुणांनी ठरला नव्हता, तो काटकसरीने ठरला होता.

१९८४ मध्ये आयबीएमचे 'एटी' हे यंत्र आले. त्यात ८०२८६ प्रोसेसर होता. स्फटिक १२ मेगाहर्ट्झचा आणि प्रोसेसरचा ठेका त्याच्या निम्मा, म्हणजे ६. स्फटिक खोबणीत नुसता खोचलेला असे. चौकस लोकांच्या लक्षात आले की तो उपटून १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक खोचला, तर तेच यंत्र आठाच्या ठेक्यावर बिनतक्रार चालते. चार पैशांच्या तुकड्याने हजारो डॉलरांच्या यंत्राचा वेग एक तृतीयांशाने वाढला! ही बातमी पसरल्यावर आयबीएमने पुढच्या यंत्रांच्या मूळ आज्ञावलीत एक पहारेकरी बसवला. यंत्र सुरू होताना तो ठेका मोजी, आणि तो सहाच्या वर आढळला तर यंत्र सुरूच होऊ देत नसे. लवकरच, १९८६ मध्ये, आयबीएमनेच आठाच्या ठेक्याचे 'एटी' बाजारात आणले. प्रोसेसर तोच असला तरी शिक्का नवा होता. पुढे पंचवीस-तीस वर्षे चाललेल्या भांडणाचा सारा नकाशा या प्रसंगात दिसतो.

आता हा शिक्का मारतात कसा, ते पाहू. हापूसचा बागाईतदार जशी आंब्याची प्रतवारी करतो, तसाच हा प्रकार आहे. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर पुष्कळ प्रोसेसर एकदम तयार होतात. एका झाडाचे आंबे, पण सगळे सारखे उतरत नाहीत. चकतीवरच्या जागेप्रमाणे आणि प्रक्रियेतल्या सूक्ष्म फरकांप्रमाणे कोणी चपळ निघतो, कोणी मंद. कारखान्यात प्रत्येकाची परीक्षा होते आणि तो जेवढा वेग खात्रीने झेपवील त्याहून थोडा खालचा शिक्का त्याच्यावर मारला जातो. गिऱ्हाईक तो चंद्रपूरच्या मे महिन्यात चालवील, पंख्यात धूळ साचू देईल, वर्षानुवर्षे बंद करणार नाही. या साऱ्यासाठी ती राखीव ताकद ठेवलेली असते. इथपर्यंत सगळे सचोटीचे आहे.

पण कारखान्याचा हात बसला की चकतीवरचे बहुतेक सगळेच प्रोसेसर वरच्या प्रतीचे निघू लागतात. बाजारात गिऱ्हाईक तर स्वस्त मालाला जास्त. मग व्यापारी काय करतो? पेटी हलक्या मालाची म्हणून भरायची आणि आत चांगलाच माल घालायचा. असा वरच्या प्रतीचा प्रोसेसर खालच्या प्रतीचा शिक्का कपाळावर घेऊन स्वस्तात विकला जातो. शाळामास्तराला हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. दर जूनमध्ये निकालाच्या कागदावर आम्हीही आकडे मांडतो, आणि त्या आकड्यांकडे पाहून पोराचे पुढचे दार उघडते किंवा लागते. माझ्या स्वतःच्या नावापुढे जुन्या हिशेबाने 'मॅट्रिक' एवढाच शिक्का आहे, तेव्हा या विषयात मी अगदी तटस्थ आहे असे कोणी मानू नये.

* * *

१९९२ मध्ये इंटेलने ४८६ डीएक्स-२ काढला आणि ठेक्यात एक नवी गोष्ट आली. मदरबोर्डचा ठेका ३३ मेगाहर्ट्झ, पण प्रोसेसर पोटातल्या पोटात त्याची दुप्पट करून ६६ वर नाचे. या पटीला गुणक म्हणतात. पुढच्या वर्षी पेंटियम आला. ज्यांना पेंटियमचे जनक म्हणतात, त्या विनोद धाम यांचा जन्म १९५० मधला, पुण्याचा. आणि योगायोग असा, की पुढे त्यांनीच इंटेलच्या प्रतिस्पर्ध्याकडे, एएमडीकडे, के-६ या प्रोसेसरच्या कामी हात लावला. त्या के-६ च्या स्वस्ताईमुळेच इंटेलला आपला स्वस्त प्रोसेसर काढणे भाग पडले. ती कथा लगेच पुढे येते.

दरम्यान ठगांनाही हे गुपित कळले होते. प्रोसेसरवरचा छाप घासून काढायचा, वरच्या वेगाचा छाप मारायचा, आणि बेसावध गिऱ्हाइकाला महाग विकायचा, असा धंदा त्या दशकात जोरात चालला. तेव्हा इंटेलने प्रोसेसरचा गुणक कारखान्यातच कायमचा बंद करायला सुरुवात केली. या कुलपाला दोन कारणे होती. गिऱ्हाइकाचे ठगांपासून रक्षण हे एक. आपल्याच स्वस्त मालाने आपल्याच महाग मालाचे गिऱ्हाईक तोडू नये, हे दुसरे. पहिले कारण जाहीर सांगता येण्याजोगे होते.

कुलूप गुणकाला होते. मदरबोर्डचा ठेका मात्र मोकळा राहिला होता, आणि याच फटीतून १९९८ चा तो प्रसिद्ध प्रसंग घडला.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंटेलने सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला. स्वस्त करण्यासाठी त्यातली दुसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली फडताळवजा स्मृती, साफ काढून टाकली होती. स्वयंपाकघरात फडताळच नसेल तर सुगरणीलाही मिठाच्या चिमटीसाठी वाण्याकडे पळावे लागते. या सेलेरॉनचे तसेच झाले. नावे ठेवली गेली. तेव्हा २४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने सुधारलेला 'सेलेरॉन ३००ए' काढला. या वेळी १२८ किलोबाइटची कॅश दिली, आणि ती प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर, त्याच्याच पूर्ण ठेक्याने चालणारी. महागड्या पेंटियम-२ ची कॅश ५१२ किलोबाइटची होती खरी, पण ती बाहेर वेगळ्या चिपांवर, निम्म्या ठेक्याने चाले. धाकट्याला लहान फडताळ मिळाले पण ते चुलीशेजारी. थोरल्याचे मोठे, पण माजघरात. खेळांच्या कामात चुलीशेजारचे फडताळ पुष्कळदा सरस ठरते, हे थोड्याच दिवसांत सर्वांना कळून चुकले.

आता अंकगणित पाहा. ३००ए चा गुणक साडेचार. मदरबोर्डचा ठेका ६६.६. गुणाकार ३००. पण त्याच वर्षी इंटेलनेच ४४०बीएक्स नावाचा चिपसंच काढला होता, आणि तो १०० च्या ठेक्यावर चालण्यासाठीच बनवलेला होता. साडेचार गुणिले शंभर म्हणजे ४५०. आणि ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-२ त्याच दिवशी, त्याच २४ ऑगस्टला बाजारात आला होता! घाऊक खरेदीत सेलेरॉनची किंमत १४९ डॉलर, पेंटियमची ६६९. डॉलर तेव्हा ४२ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे दोहोंतले अंतर आपल्या एकवीस हजारांहून अधिक.

शंभरच्या ठेक्यात आणखी एक सोय होती. मदरबोर्डवरच्या बाकीच्या यंत्रणेला ३३ मेगाहर्ट्झचा ठेका लागतो. ६६ ला दोनाने भागले की ३३ येतात, १०० ला तिनाने भागले की ३३ येतात. मधल्या ७५ किंवा ८३ वर मात्र हा हिशेब चुकतो आणि हार्ड डिस्कसारखी नाजूक मंडळी कुरकुरू लागतात. अर्थात शंभरवर जाणे हे चोरवाटेने जाणे नव्हतेच. हमरस्ताच होता, फक्त सेलेरॉनला त्यावर यायची परवानगी नव्हती. ही परवानगी प्रोसेसरच्या एका सोनेरी पट्टीवर, बी-२१ या क्रमांकाच्या, अवलंबून असे. ती पट्टी पाहून मदरबोर्ड ओळखी की हा गडी ६६ चा. लोकांनी त्या पट्टीवर चिकटपट्टीचा कपटा लावला किंवा नखांचे रोगण फासले. पट्टी झाकली गेली आणि मदरबोर्डला तो शंभरचा वाटू लागला. पुढे तैवानच्या अबिट कंपनीने बीएच-६ नावाचा मदरबोर्ड काढून हीही खटपट वाचवली. ठेका आणि विजेचा दाब दोन्ही कळफलकावरूनच बदलता येऊ लागले. त्या काळी घरी संगणक जुळवणाऱ्यांत या मदरबोर्डाचे नाव आदराने घेतले जाई. कंपनी मात्र २००८ अखेर मदरबोर्डांच्या धंद्यातून उठली.

सगळेच ३००ए काही ४५० वर चालले नाहीत. पण एवढे चालले, की मोठमोठी परीक्षणे करणाऱ्यांनी उघड लिहिले की दीडशे डॉलरांचा हा प्रोसेसर पावणेसातशेच्या प्रोसेसरच्या बरोबरीला बसतो.

* * *

मुंबईत हा माल मिळण्याचे ठिकाण म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवरचे नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव कोणी घेत नसे. मी आणि माझा एक मित्र १९९९ च्या उन्हाळ्यात शिकवण्यांचे पैसे गाठीला बांधून तिथे गेलो, आणि एकाच दुकानातून, एकाच खोक्यातले दोन ३००ए घेतले. हे दोघे ४५० वर चालतील का, असे मी विचारले तेव्हा दुकानदार न हसता म्हणाला, "भाऊ, गॅरंटी तीनशेची. पुढचं तुमचं नशीब."

नशीब म्हणणे तितके बरोबर नव्हते, परंतु दुकानदाराच्या बोलण्यात प्रोसेसरच्या साऱ्या शास्त्राचे सार होते. मित्राचा प्रोसेसर पहिल्याच रात्री शंभरच्या ठेक्यावर सुरू झाला. विजेचा दाबही वाढवावा लागला नाही. माझा मात्र शंभरवर नेला की विंडोज अर्ध्यावर येऊन पडदा निळा होई. २ व्होल्टचे २.१ केले, २.२ केले. मोठा ठोकळा आणला, पंखा दुप्पट केला, यंत्राचे झाकण कायमचे काढून ठेवले. 'हाफ-लाइफ' हा खेळ पाच मिनिटे चाले आणि मग गोठे. एप्रिल-मे महिन्यांत खोलीच छत्तीस-सदतीस अंशांवर असे. पंख्याने थंड करायचे झाले तरी खोलीहून थंड काही होत नाही. शेवटी मी ७५ च्या ठेक्यावर, म्हणजे ३३७ वर समाधान मानले.

यंत्र खरोखर स्थिर आहे की नाही हे पाहायची रीतही मोठी मौजेची होती. जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन जातीच्या प्रचंड मूळसंख्या शोधण्यासाठी एक सामुदायिक प्रकल्प सुरू केला होता. त्याची 'प्राइम-९५' ही आज्ञावली प्रोसेसरला तासन्‌तास गुणाकाराला जुंपते आणि आपल्या उत्तरांचा ताळाही पाहते. एक जरी अंक चुकला तरी ती थांबते. गणितज्ञांची ही चाळणी खेळाडू पोरांनी उचलली. रात्रभर ही आज्ञावली चालवायची आणि सकाळी चूळ भरण्याआधी पडदा पाहायचा. तीन तासांत चुकणारा प्रोसेसर खेळ चालवील, पण त्याच्यावर विश्वास ठेवता येणार नाही, हे आम्हाला त्या गुणाकारांनी शिकवले.

मित्राचा तो प्रोसेसर ४५० वर पुढे कित्येक वर्षे चालला. दोघांवर शिक्का एक, दुकान एक, खोके एक. या दोन प्रोसेसरांविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. शिक्क्याने आम्हा दोघांपैकी कोणालाच फसवले नव्हते. त्याने तीनशेचे वचन दिले होते आणि दोघांच्याही बाबतीत ते पाळले होते. शिक्का हे वस्तूचे वर्णन नसते. ते तळाच्या मर्यादेचे वचन असते: याहून कमी निघणार नाही, एवढेच त्यात लिहिलेले असते. वर किती, हे त्यात लिहिलेले नसते, आणि ते कपाळ पाहून कळतही नाही. ते रात्रभर चालवून पाहावे लागते. वर्गात चाळीस टक्क्यांची दोन पोरे शेजारी बसलेली असतात तेव्हा मला अजून हे दोन प्रोसेसर आठवतात.

* * *

पुढची काही वर्षे या छंदाच्या भरभराटीची होती. २००० च्या जूनमध्ये एएमडीचे ड्युरॉन आणि नवे ॲथलॉन आले. त्यांचा गुणक बंद करण्यासाठी कारखान्यात प्रोसेसरच्या पृष्ठभागावरचे 'एल-१' नावाचे काही सूक्ष्म पूल तोडलेले असत. शिसपेन्सिलीतले ग्राफाइट विजेचे वाहक आहे, ही सातवीच्या विज्ञानातली गोष्ट. पोरांनी टोकदार पेन्सिलीने ते पूल जोडले आणि कुलूप उघडले! कुलपे तोडण्याच्या इतिहासात याहून स्वस्त किल्ली असेल असे मला वाटत नाही. पुढल्या वर्षीच्या ॲथलॉन एक्स-पी मध्ये कारखान्याने त्या जागी खड्डे केले. मग पोरे आधी गोंदाने खड्डे बुजवून त्यांवरून वाहक रंगाची रेघ ओढू लागली.

पण उष्णतेचा गुणाकार गप्प बसलेला नव्हता. सप्टेंबर २००१ मध्ये थॉमस पाब्स्ट यांच्या 'टॉम्स हार्डवेअर'ने एक चित्रफीत काढली. चालू यंत्रातल्या प्रोसेसरवरचा ठोकळा उचलला तर काय होते, हे तीत दाखवले होते. पेंटियम-४ ने आपला वेग कमी करून जीव वाचवला. ॲथलॉन क्षणार्धात धूर सोडून मेला. ज्यांनी ती चित्रफीत पाहिली, त्यांना ठोकळा नीट बसवण्याचे महत्त्व पुन्हा सांगावे लागले नाही.

कारखानदार स्वतःही याच भिंतीकडे धावत होते. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा नियम मांडला होता की ट्रान्झिस्टर लहान करत गेले आणि त्याबरोबर विजेचा दाबही उतरवत गेले, तर तेवढ्याच जागेतली उष्णता न वाढवता वेग वाढवता येतो. तीस वर्षे या नियमाने जग पुढे नेले. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि दाब आणखी उतरवता येईना. पेंटियम-४ चा वंश दहा गिगाहर्ट्झपर्यंत नेण्याची स्वप्ने इंटेलने पाहिली होती. प्रत्यक्षात तो ३.८ वर थांबला. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द झाला, आणि त्याबद्दल इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर विनोदाने का होईना, गुडघे टेकून क्षमा मागितली. हलगीचा ठेका आणखी वाढणार नाही हे ठरल्यावर मैदाने वाढवण्यात आली. एका प्रोसेसरात दोन, चार, आठ गाभे बसू लागले.

२००६ चे कोअर-२ आणि त्यानंतरचा क्यू-६६०० हे या छंदाचे शेवटचे मोकळे कुरण. मदरबोर्डचा ठेका २६६ वरून ३३३ वर नेला की २.४ चा क्यू-६६०० सरळ ३ गिगाहर्ट्झवर जाई. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने ही फटही बुजवली. मदरबोर्डवरचे सगळे ठेके एकाच दोरीला बांधले. एक हलवला की सगळे हलतात आणि यंत्र बसते. गुणक मोकळा ठेवला तो फक्त नावापुढे 'के' अक्षर असलेल्या प्रोसेसरांत. साधा २५०० होता २०५ डॉलरांना, २५००के होता २१६ डॉलरांना. ज्या कुलपासाठी पेन्सिली झिजल्या, त्याची किल्ली अकरा डॉलरांना काउंटरवर मिळू लागली. झुंज संपली ती अशी. तिचा दुकानात तह झाला.

* * *

तह झाला तरी त्या राखीव ताकदीचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. २००८ अखेर आलेल्या कोअर-आय-७ पासून प्रोसेसर स्वतःच आपले तापमान आणि दाब पाहून ठेका वाढवू लागला. याला टर्बो बूस्ट असे नाव होते. नंतरच्या प्रत्येक पिढीत तो सीमेच्या अधिकाधिक जवळ जाऊ लागला. पूर्वी जी दीडपट मोकळीक गिऱ्हाइकाच्या नशिबी येई, ती कारखान्यानेच शेवटच्या थेंबापर्यंत पिळून शिक्क्यात घातली. २०२३ च्या जानेवारीत इंटेलने ६ गिगाहर्ट्झचा शिक्का मारलेला प्रोसेसर विकायला काढला. द्रव हेलियम ओतून एका क्षणापुरता विक्रम करणारेसुद्धा त्याच्या थोड्याच आधी, डिसेंबर २०२२ मध्ये, कुठे ९ गिगाहर्ट्झला पोहोचले होते.

परिणाम २०२४ मध्ये दिसला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले कित्येक प्रोसेसर, कोणी हात न लावता, कारखान्याने ठरवलेल्या रीतीनेच चालत असताना खेळांच्या मध्यात कोसळू लागले. चौकशीअंती असे निघाले की ते स्वतःसाठी प्रमाणाबाहेर विजेचा दाब मागत होते आणि त्याने आतून झिजत होते. कंपनीने त्या ऑगस्टमध्ये सुधारित सूक्ष्म-आज्ञावली दिली, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. पण जे झिजले होते ते पूर्ववत होण्यासारखे नव्हते. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर, गॅरंटी होती, पण तिला आधार देणारी शिल्लक उरली नव्हती.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते. शिक्का आणि ताकद यांच्यातले अंतर कारखानदाराचे नव्हते आणि आम्हा पोरांचेही सर्वस्वी नव्हते. घरातल्या बियाण्याच्या कणगीसारखे ते होते. एखाद्याने अडीअडचणीला मूठभर काढले तर घर चालते. सारी कणगी दळायला काढली तर पुढल्या पावसात पेरायला काही उरत नाही. शिक्क्यातले वचन खरे ठरत होते ते त्या न वापरलेल्या ताकदीच्या जोरावर. आज माझ्या वर्गात पहाटे पाचला शिकवणीला जाऊन, शाळा करून, रात्री पुन्हा शिकवणीला जाणारी पोरे येतात. त्यांच्या निकालाचे आकडे आमच्या काळी ऐकिवात नव्हते. ते आकडे वाचताना मला आनंद होतो, आणि या पोरांच्या कणगीत किती दाणे उरले असतील, असेही मनात येते.

खेळांसाठी घरी संगणक जुळवू पाहणारा एखादा विद्यार्थी अजूनही मधूनच सल्ला विचारायला येतो. त्याला मी हेच सांगतो. खोक्यावरच्या गिगाहर्ट्झच्या आकड्याला भुलू नकोस. १९९८ मध्ये १२८ किलोबाइटच्या चुलीशेजारच्या फडताळाने बाजी मारली होती. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीच्या ५८००एक्स-३डी ने तेच पुन्हा केले. त्याचा ठेका त्याच्या साध्या भावंडापेक्षा कमी होता, पण सिलिकॉनवर सिलिकॉन रचून त्याला ९६ मेगाबाइटची कॅश दिली होती, आणि बहुतेक खेळांत तो पुढे गेला. त्या प्रोसेसरात ठेका वाढवायची सोय मुद्दामच बंद ठेवली होती, कारण वर रचलेली कॅश जास्त दाब सोसत नाही. तेव्हा आधी कोणते खेळ खेळणार ते ठरव, त्यांतली मोजमापे पाहा. प्रोसेसरवर वाचलेले पैसे चांगल्या चित्रपत्त्यावर, चांगल्या ठोकळ्यावर आणि चांगल्या वीजपुरवठ्यावर घाल. दाब वाढवण्याऐवजी थोडा उतरवून पाहा. पुष्कळ प्रोसेसर तेवढ्याच वेगाने, पण थंड डोक्याने चालतात. काहीही बदललेस तर रात्रभर गुणाकाराला जुंप आणि सकाळी पडदा पाहा.

आणि तुझा प्रोसेसर मित्राच्या प्रोसेसरइतका पळाला नाही, तर त्याच्यावर रागावू नकोस. त्याने तुला जेवढे कबूल केले होते, तेवढे तो देतो आहे की नाही, हे आधी पाहा.